गल्ली कुणाची, शब्द कुणाचे?

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिकेत ‘रॅपर्स डिलाइट’ नावाची एक रेकॉर्ड बाजारात आली. जवळजवळ पंधरा मिनिटांचं गाणं. न्यूयॉर्कबाहेरच्या बहुतेक लोकांनी रॅप, म्हणजे ठेक्यावर यमकं जुळवत बोलायचा प्रकार, पहिल्यांदा ऐकला तो या रेकॉर्डवर. गाणारे तिघे होते आणि त्यांना एकत्र आणलं होतं सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने, शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एंगलवूड गावात. तिघांपैकी एक हेन्री जॅक्सन, बिग बँक हँक या नावाने ओळखला गेलेला. तो एंगलवूडमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ग्रँडमास्टर कॅझ या जाणत्या रॅपरचं व्यवस्थापनही तो बघायचा. काम करता करता कॅझच्या टेप लावायच्या आणि त्याबरोबर म्हणायचं, हा त्याचा नेम. रेकॉर्डमध्ये गायची संधी आली तेव्हा हँक कॅझकडे गेला. कॅझने आपली वही त्याच्यापुढे टाकली आणि हवं ते घे म्हणाला.

हँकने घेतलं. इतकं जसंच्या तसं घेतलं की गाण्यात तो स्वतःच्या नावाची अक्षरं सुटी सुटी करून सांगतो, ती जुळवली तर नाव निघतं ‘कॅसानोव्हा फ्लाय’. हे कॅझचं टोपणनाव. जगभर गाजलेल्या पहिल्या रॅप गाण्यात एक माणूस दुसऱ्याचं नाव स्वतःचं म्हणून सांगतोय, आणि ऐकणाऱ्या लाखो लोकांना त्याचा पत्ताही नाही. कॅझचं नाव त्या रेकॉर्डवर आलं नाही. पैसेही मिळाले नाहीत, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

हिप हॉपमध्ये, म्हणजे रॅपभोवती उभ्या राहिलेल्या संगीतात आणि संस्कृतीत, ‘अस्सल कोण’ हा वाद गेली पंचेचाळीस वर्षं चालू आहे. मला वाटतं त्याचं मूळ इथे आहे. पण गंमत अशी की वाद घालणाऱ्यांनी कॅझची वही बाजूला ठेवली आणि भलताच प्रश्न हातात धरला. तुझे शब्द तुझे आहेत का, हे विचारण्याऐवजी ते विचारू लागले, तू कुठला?

तू कुठला, हा प्रश्न तिथे इतका जिव्हाळ्याचा का झाला हेही समजून घेतलं पाहिजे. ब्राँक्सची अवस्था तेव्हा काय होती? वस्त्यांच्या मधोमध क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे हा महामार्ग घातला गेला, हजारो कुटुंबं उठवली गेली. सत्तरच्या दशकात इमारतीमागून इमारती जळाल्या. त्यातल्या कितीतरी घरमालकांनी विम्यासाठी पेटवल्या. शहराने त्या भागावर फुली मारली होती. अशा ठिकाणी ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, म्हणजेच डीजे कूल हर्क. हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून ही तारीख आज साजरी होते. ज्या मुलांजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यांनी आपला पत्ता छाती काढून सांगितला. त्या अभिमानाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण एक बघा. हर्क ब्राँक्समध्ये जन्मला नव्हता. तो जमैकाच्या किंग्स्टनमधून १९६७ साली आलेला पोरगा. मोठमोठे स्पीकर लावून मोकळ्या जागी नाचगाणं रंगवायची रीत त्याने तिथे लहानपणी पाहिलेली होती.

पुढची मोठी लढाई रेडिओवरच झाली, म्हणून इथे जरा थांबतो. क्वीन्सब्रिज ही न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातली सरकारी घरांची प्रचंड मोठी वसाहत. तिथला रॅपर एमसी शॅन आणि त्याचा निर्माता मार्ली मार्ल यांनी ‘द ब्रिज’ नावाचं गाणं केलं. आमच्या वस्तीत हे सगळं कसं सुरू झालं, अशा अर्थाचं. ब्राँक्समधल्या बूगी डाउन प्रॉडक्शन्स या गटाचा केआरएस-वन भडकला. त्याने अर्थ लावला की हे लोक अख्खं हिप हॉप आपल्याकडे जन्मलं म्हणतायत. शॅन सांगत राहिला, बाबांनो, मी फक्त आमच्या वस्तीबद्दल बोललो. कोण ऐकतो? १९८६ मध्ये केआरएस-वनने ‘साउथ ब्राँक्स’ काढलं, पुढच्या वर्षी ‘द ब्रिज इज ओव्हर’.

ही गाणी घराघरांत नेली दोन रेडिओ कार्यक्रमांनी. डब्ल्यूबीएलएस केंद्रावर मिस्टर मॅजिक, त्याच्याबरोबर खुद्द मार्ली मार्ल. तर किस एफएमवर डीजे रेड अलर्ट, तो ब्राँक्सच्या बाजूचा. मुलं रात्री कॅसेट लावून दोन्ही कार्यक्रम टेप करायची आणि सकाळी शाळेत भांडायची. कुणाचं गाणं कोण वाजवतो, यावरून पक्ष ठरायचे. निवेदकाच्या खुर्चीत केवढी ताकद असते, हे मला या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

आणि ब्राँक्सच्या नावाने एवढा गरजणारा केआरएस-वन कुठला? न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात वाढलेला. घर सोडलेला, रस्त्यावर आणि निवारागृहांत दिवस काढलेला मुलगा. ब्राँक्समधल्या अशाच एका निवारागृहात त्याला स्कॉट स्टर्लिंग भेटला. हा तिथला समाजसेवक, आणि रात्रीचा डीजे स्कॉट ला रॉक. दोघांनी मिळून गट काढला. ज्या गावाने निवारा दिला, त्याच्यासाठी केआरएस-वन भांडला. ऑगस्ट १९८७ मध्ये दुसऱ्यांचंच एक भांडण मिटवायला गेलेल्या स्कॉटला गोळी लागली आणि तो गेला. त्याचा क्वीन्सब्रिजच्या वादाशी संबंध नव्हता. तो वाद गाण्यातच सुरू झाला आणि गाण्यातच राहिला.

नव्वदच्या दशकात असं राहिलं नाही. तोवर लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन गावाचं नाव एन.डब्ल्यू.ए. या गटाने १९८८ मध्ये जगापुढे आणलं होतं. डॉ. ड्रे, स्नूप डॉग यांच्या रेकॉर्ड न्यूयॉर्कपेक्षा जास्त खपू लागल्या होत्या. न्यूयॉर्ककरांना ते पचत नव्हतं. घर आमचं आणि पाहुणेच मालक झाले, अशी भावना. एका बाजूला कॅलिफोर्नियाची डेथ रो ही रेकॉर्ड कंपनी आणि तिचा मालक शुग नाइट, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कची बॅड बॉय आणि तिचा मालक शॉन कोम्ब्स. दोन कंपन्यांचं भांडण होतं, पण लढवले गेले दोन किनारे. नियतकालिकांनी ‘पूर्व विरुद्ध पश्चिम’ मुखपृष्ठावर छापून अंक खपवले.

या लढाईत पश्चिमेचा सेनापती ठरला डेथ रोचा रॅपर टुपाक शकूर. त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेमचा! बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो नाटक, कविता आणि बॅले शिकला. कॅलिफोर्नियात आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओच्या खाली त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि एकेकाळचा मित्र असलेल्या ब्रुकलिनच्या बिगी या बॅड बॉयच्या रॅपरवर त्याचा संशय बसला तो कायमचा. १३ सप्टेंबर १९९६ ला टुपाक लास व्हेगासमध्ये वारला, पंचवीस वर्षांचा. ९ मार्च १९९७ ला बिगीला लॉस एंजेलिसमध्ये मारलं. तो चोवीसचा. दोघांच्या आयांनी पोरं गमावली, कंपन्यांनी मरणोत्तर अल्बम विकले. याविषयी मी शांतपणे बोलू शकत नाही. ज्या पत्त्यासाठी हे सगळं झालं म्हणतात, त्या पत्त्यावरच्या एकाही घराचं यातून भलं झालं नाही.

या धामधुमीत एक गोष्ट घडली, तिचं महत्त्व तेव्हा फार कमी लोकांना कळलं. ३ ऑगस्ट १९९५, न्यूयॉर्क, ‘द सोर्स’ मासिकाचा पुरस्कार सोहळा. शुग नाइटने मंचावरून कोम्ब्सला टोमणा मारला, वातावरण तापलं, स्नूप डॉग प्रेक्षकांवर ओरडला. अशात सर्वोत्तम नव्या गटाचा पुरस्कार जाहीर झाला तो आउटकास्टला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अटलांटाची दोन पोरं, आंद्रे आणि बिग बॉय, जेमतेम विशीची. नाव पुकारताच सभागृहाने हुर्यो उडवली. दक्षिणेचे लोक, त्यांना कसला रॅप! आंद्रे माइकसमोर आला, थोडा अडखळला आणि मग म्हणाला, दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. एवढंच.

दक्षिणेवरचा राग समजायला मराठी माणसाला वेळ लागू नये. वऱ्हाडी हेल काढून बोलणाऱ्याला पुण्यात जे हसू झेलावं लागतं, तेच तिथे होतं. त्यांचे लांबवलेले स्वर, दणदणीत बास, नाचायला लावणारा ठेका, या सगळ्यावर न्यूयॉर्कने शिक्का मारला होता की हे खरं हिप हॉप नाही. आउटकास्टचं गाणं घडलं ते अटलांटात, निर्माता रिको वेड याच्या आईच्या घराच्या तळघरात. जमीन कच्ची, लाल मातीची. जागेला नाव पडलं ‘डंजन’, म्हणजे अंधारकोठडी. तिथे पोरं वह्या घेऊन जिथे जागा मिळेल तिथे बसायची, तासन्‌तास लिहायची, एकमेकांच्या ओळी खोडायची. त्यांनी न्यूयॉर्कची नक्कल केली असती तर त्या रात्री कदाचित टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी आपल्या तोंडची बोली सोडली नाही. २००४ मध्ये त्यांच्या अल्बमला ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळाला, आणि आज रॅपची राजधानी कोणती म्हटलं तर लोक आधी अटलांटाचं नाव घेतात.

माझ्या लेखी अस्सलपणाची खरी कसोटी ही आहे. स्वतःच्या तोंडचे शब्द. त्यामागचं आयुष्य पुराव्यानिशी तपासत बसणं मला पटत नाही. मला ठाऊक आहे, हिप हॉपच्या जुन्या चाहत्यांना हे रुचणार नाही. ते मला रिक रॉसचं नाव ऐकवतील. मायामीचा हा रॅपर कोकेनच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या रुबाबात गायचा. नावही त्याने लॉस एंजेलिसच्या एका खऱ्या ड्रग व्यापाऱ्याचं घेतलेलं. २००८ मध्ये बातमी फुटली की तो पूर्वी फ्लोरिडात तुरुंगरक्षक होता. आधी त्याने नाकारलं, मग कबूल केलं. सगळे म्हणाले, संपला. पण पुढच्या वर्षी त्याचा अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. मूळ नावाच्या माणसाने त्याला कोर्टात खेचलं तेव्हा २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याने त्या नावातून आपली अशी कला उभी केली आहे, असं म्हटलं. नोकरी लपवली हे वाईटच. पण पोट भरायला तुरुंगात नोकरी केली यात कमीपणा कसला? कमीपणा वाटावा अशी हवा ज्यांनी तयार केली, त्यांचाही यात दोष आहे.

याउलट ड्रेक या रॅपरवरचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. टोरंटोचा, टीव्ही मालिकेतला बालकलाकार म्हणून त्याला हिणवतात, ते सोडून द्या. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मीक मिल या रॅपरने आरोप केला की याच्या ओळी दुसराच लिहितो. हा प्रश्न थेट कॅझच्या वहीचा आहे. मग ४ मे २०२४ ला कॉम्प्टनच्या केंड्रिक लमार या रॅपरने ड्रेकविरुद्ध ‘नॉट लाइक अस’ काढलं. त्याचं शेवटचं कडवं ऐका. त्यात केंड्रिक अटलांटाचा, गुलामगिरीपर्यंत मागे जाणारा इतिहास सांगतो, ड्रेकने तिथल्या कुणाकुणाकडून काय काय उचललं याची नावं घेतो, आणि शेवटी म्हणतो की तू सहकारी नाहीस, वसाहत करणारा आहेस. एक कॉम्प्टनचा माणूस अटलांटाची कैफियत मांडतोय! मध्ये कितीतरी राज्यं आडवी आली तरी त्याला ती आपली वाटली. त्याच वर्षी १९ जूनला लॉस एंजेलिसजवळच्या मैफलीत त्याने एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांच्या माणसांना एका मंचावर उभं करून सगळ्यांचा एकत्र फोटो काढला.

ड्रेकने त्या गाण्यावरून स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीवर बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. रॅपच्या जुगलबंदीत जे बोललं जातं ते ऐकणारा वस्तुस्थिती म्हणून घेत नाही, ते मत असतं, असा त्याचा आशय. मला हा निकाल योग्य वाटतो.

पण हाच न्याय सगळ्यांना मिळत नाही. केंड्रिकने त्या कडव्यात ज्यांची नावं घेतली, त्यात अटलांटाचा रॅपर यंग थग आहे. मे २०२२ मध्ये त्याला टोळी चालवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला खटला चालला, आणि सरकारी वकिलांनी त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून पुढे केल्या. न्यायाधीशांनी काही ओळींना अटींवर परवानगीही दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो काही आरोप मान्य करून, भोगलेल्या कैदेवर, पंधरा वर्षांच्या प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली, सुटला. अब्जाधीश कंपनी कोर्टात उभी राहते तेव्हा रॅप ही अतिशयोक्ती ठरते, आणि काळा तरुण उभा राहतो तेव्हा तीच ओळ कबुलीजबाब होते. ‘मी गातो ते सगळं खरं आहे’ असं प्रत्येक गायकाकडून वदवून घेण्याचा हट्ट चाहत्यांनी धरला, कंपन्यांनी त्यावर धंदा केला, आणि फिर्यादी पक्षाने तो हट्ट उचलून आरोपपत्राला जोडला. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून असा वापर करण्याआधी न्यायालयाने कडक तपासणी करावी असं ठरवलं आहे. जॉर्जियासह सगळ्या राज्यांत तसा कायदा व्हायला हवा, आणि तो मागण्यात सर्वांत पुढे गायकांकडून खरेपणाचे दाखले मागणारे चाहते असायला हवेत.

नमस्कार.