नाव विचारा

श्रोतेहो, सलाम. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत माणूस भेटला की सलामच म्हणतात. रविवारच्या उपासनेला पहिल्यांदा येणाऱ्या माणसाबद्दल आज बोलायचंय, आणि सांगणं एकच आहे: त्याचं नाव विचारा.

मी पंचकमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर होतो त्या वर्षीची गोष्ट. दाराशी उभं राहून गीतांची पुस्तकं द्यायचं काम माझ्याकडं होतं. पस्तिशीचा एक गृहस्थ यायला लागला. शेवटच्या बाकावर बसायचा, आशीर्वाद झाला की निघून जायचा. मी पुस्तक द्यायचो, सलाम म्हणायचो, हात मिळवायचो. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी कापणीचा सण. ज्वारीची कणसं, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं अर्पण झालं आणि उपासनेनंतर आवारात लिलाव सुरू झाला. या लिलावात बाजारभाव कोणी बघत नाही, पैसा देवाच्या कामाला जातो. दुधी भोपळा निघाला. वीस, तीस, चाळीस. मागून आवाज आला, "साठ!" सगळ्यांनी वळून पाहिलं. तोच गृहस्थ. पुढं कोणी बोली वाढवली नाही. खजिनदारांनी वहीवर पेन टेकवलं नि म्हणाले, "साठ रुपये. नाव काय तुमचं?"

त्यानं नाव सांगितलं. मग हळूच म्हणाला, "महिना होत आला येतोय. आज पहिल्यांदा कोणी नाव विचारलं."

तक्रारीचा सूर नव्हता हो त्याचा. पण तीन रविवार त्याचा हात माझ्या हातात होता, आणि नाव विचारलं गेलं ते वहीत पैसे मांडायला! तो एसटीत कंडक्टर होता, बदलून आलेला, डेपोच्या खोलीत राहणारा. भोपळा शिजवायला चूलसुद्धा नव्हती त्याच्याकडं. आपणही काही घ्यावं, एवढ्यासाठीच त्यानं बोली लावली होती. आमच्यातल्या एका मावशींनी तो भोपळा त्याच्या हातून घेतला, "चल घरी" म्हणाल्या, आणि हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. मीही होतो त्या पंगतीला.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण वाचतो. सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा नि गरिबाला उभं ठेवायचं, हे तिथं स्पष्ट नाकारलंय. पण चांगली जागा देऊनही माणूस एकटा राहतो. गीत क्रमांक सांगितला की नवा माणूस पान क्रमांक शोधत बसतो. तेव्हा शेजारच्यानं पुस्तक उघडून द्यावं. आणि कृपा करून त्याला सगळ्यांसमोर उभं करून ओळख द्यायला लावू नका. बिचारा पुढच्या रविवारी येत नाही.

जाता जाता आणखी एक. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचं भजन आपल्या अभंगाच्या वळणावर आणलं. कधी चर्चमध्ये न आलेला माणूसही त्यावर ताल धरतो. ते टाळ आणि पेटी आपण कपाटात ठेवलेत नि कीबोर्डचा आवाज इतका वाढवलाय की शेजारच्याचा गळा ऐकू येत नाही. मला हे पटत नाही.

तर, नाव विचारा. आणि विचारलेलं लक्षात ठेवा. त्या सणापासून माझ्या खिशात छोटी वही असते. नाव, गाव, मुलं किती. शनिवारी रात्री चष्मा लावून वाचून काढतो. गेल्या रविवारी तीन नावं वाढली, त्यातली एक मुलगी नर्सिंगला आलीय, जालन्याची. तिला दुसऱ्या ओळीतल्या काकूंशेजारी बसवलंय.