सभागृहाबाहेर होणारे कायदे

श्रोतेहो, नमस्कार.

विधानसभेत किंवा संसदेत कायदा मंजूर झाला की आपण त्याची बातमी वाचतो. त्या कायद्याखाली पुढे निघणाऱ्या नियमांची बातमी क्वचितच होते. आपलं रोजचं जगणं मात्र बऱ्याचदा ते नियमच ठरवतात. पुणेकरांनी हे फार पूर्वी, फार कठोरपणे अनुभवलं आहे.

१८९७ च्या ४ फेब्रुवारीला कलकत्त्याच्या कौन्सिलात साथरोगांचा कायदा मंजूर झाला. विधेयक मांडल्यापासून मंजुरीपर्यंत जेमतेम आठवडा गेला होता. कायद्यात कलमं अवघी चार. साथ पसरू नये म्हणून सरकारला योग्य वाटतील ते तात्पुरते नियम सरकारने करावेत, ते मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, असा त्याचा आशय होता. घराची झडती कोण घेणार, कशी घेणार, माणसाला घरातून हलवायचं ते कुणाच्या शब्दावर, यातलं काहीही कायद्यात नव्हतं. ते पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने ठरवलं. गोरे सोजीर माजघरापर्यंत पोचले. लोकमान्य टिळक त्या वेळी मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते, पण या नियमांना कौन्सिलच्या संमतीची गरजच नव्हती. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे.

तो परक्यांचा अंमल होता, हे खरं. पण तोच कायदा स्वातंत्र्यानंतरही राहिला, आणि मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने कोविडसाठी नियम काढले ते त्याच्याच आधारे. त्या संकटात वेगाने पावलं उचलायला हवीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं म्हणणं नंतरच्या महिन्यांबद्दल आहे. दुकान किती वाजेपर्यंत उघडं राहणार, लग्नाला किती माणसं चालतील, कुठला रस्ता पत्रे लावून बंद होणार, हे आदेशांवर आदेश काढून ठरत गेलं. आपण निवडून दिलेल्या आमदारांनी त्यातल्या एकाही आदेशावर हात वर करून मत दिलं नाही.

सगळंच सभागृहाने ठरवावं असा हट्ट कुणी धरणार नाही. अर्जाचा नमुना, शुल्क, धुरातल्या घटकांची मर्यादा, यासाठी तज्ज्ञ लागतात, आणि दर वेळी विधेयक आणत बसलो तर कामं अडतील. तपशील अधिकाऱ्यांकडे सोपवण्यात गैर काही नाही. हरकत आहे ती कायद्याचा गाभाच सोपवण्याला.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण चाकण, भोसरी, रांजणगावच्या कितीतरी घरांशी त्याचा संबंध आहे. कारखान्याने ले-ऑफ द्यायचा, म्हणजे काम नाही म्हणून कामगारांना तात्पुरतं घरी बसवायचं, कामगार कपात करायची किंवा कारखानाच बंद करायचा, तर सरकारची आधी परवानगी लागते. ही अट किती कामगारांच्या कारखान्याला लागू व्हावी? १९७६ मध्ये ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात आली तेव्हा आकडा ३०० होता. १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून तो १०० वर आणला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तो पुन्हा ३०० केला. ३०० योग्य की १००, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, आणि ते मांडायची जागा सभागृहच आहे. पण नव्या संहितेत ३०० च्या पुढे आणखी काही शब्द आहेत: किंवा सरकार अधिसूचनेने ठरवील इतकी त्याहून जास्त संख्या. म्हणजे उद्या हा आकडा ५०० करायचा किंवा १,००० करायचा, तर विधेयक नको, चर्चा नको, मतदान नको. राजपत्रात एक अधिसूचना छापली की झालं. संसदेने स्वतः घातलेली मर्यादा सरकारला कागदाच्या एका चिठोऱ्याने हलवता येईल, अशी मुभा संसदेनेच दिली. ही संहिता मंजूर झाली सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधी पक्षांचा सभागृहांवर बहिष्कार चालू असताना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे.

पुण्याच्या इमारतींचंही असंच. इमारतीची उंची, सामासिक अंतर म्हणजे भोवती सोडायची मोकळी जागा, चटईक्षेत्र म्हणजे किती बांधकाम करता येईल ते, पार्किंग हे सगळं डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीवर चालतं. तिचा आधार १९६६ चा नगररचना कायदा, पण ती आली शासनाच्या अधिसूचनेने. नियमावलीत बदल करताना हरकती-सूचना मागवतात, हे चांगलंच आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १५४ खाली निर्देश देऊन प्रस्तावित बदल हरकती ऐकण्याआधीच अमलात आणता येतो, आणि तसा तो आणलाही गेला आहे. इमारत उभी राहू लागल्यावर ऐकलेल्या हरकतीचा उपयोग किती? त्यात मार्च २०२२ पासून या वर्षीच्या, म्हणजे २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते. त्या काळात विचारणारं कुणी निवडून आलेलं माणूस शहराच्या पातळीवरही उरलं नव्हतं.

मग लगाम काहीच नाही का? कागदावर आहे. विधेयकाच्या शेवटी अधिकार सोपवण्यासंबंधीचं ज्ञापन, म्हणजे टिपण, जोडलेलं असतं. त्यात बहुधा एकच वाक्य येतं, की सोपवलेले अधिकार सामान्य स्वरूपाचे आहेत. मी कितीतरी विधेयकांत ते वाक्य जसंच्या तसं वाचलं आहे. नंतर नियम सभागृहाच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवायचे असतात आणि सभागृह ते बदलू किंवा रद्द करू शकतं. पण नियम तोवर लागू झालेला असतो. तो रद्द झाला तरी आधी त्याखाली जे घडलं ते कायम राहतं. आमदाराला त्याविरुद्ध प्रस्ताव आणायचा तर नागपूरच्या छोट्याशा अधिवेशनात वेळ कुठून मिळणार? लोकसभेत १९५३ पासून नियम तपासणारी समिती आहे आणि ती मेहनतीने काम करते, पण तिच्या हाती शिफारस एवढंच. आणि नियम पटलावर ठेवलाच नाही तर? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ॲटलस सायकल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तेवढ्याने नियम बाद होत नाही. म्हणजे सभागृहाला दाखवण्याचं बंधनही सरकारवर ढिलंच.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने असा एखादा नियम शेवटचा फेटाळला तो १९७९ मध्ये. ऑस्ट्रेलियाने मात्र गाठ घट्ट बांधली आहे. तिथे नियम सभागृहाच्या सहा बैठकांच्या आत मांडला नाही तर तो आपोआप संपतो. एखाद्या सदस्याने तो रद्द करण्याची सूचना दिली आणि सरकारने १५ बैठकांत ती निकाली काढू दिली नाही, तरीही नियम रद्द होतो. टाळाटाळीचा फटका तिथे सरकारला बसतो, सदस्याला नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला आपल्या कायद्यांत ही दोन कलमं घालायला कुणाची आडकाठी नाही.

तोवर तुम्ही एक करा. एखाद्या मसुद्यावर हरकत पाठवाल तेव्हा तिची प्रत तुमच्या आमदारांनाही द्या. तो नियम पटलावर आल्यावर त्यांनी तो वाचला का, आणि सभागृहात त्यावर काय म्हटलं, हे त्यांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर पुढच्या अधिवेशनाआधी पुन्हा विचारा.

नमस्कार.