आठ वर्षांनी उघडलेली बॅग

(दृश्य: कपाटाचा वरचा कप्पा. दोन हात एक काळी बॅग खाली घेतात.)

चेन अडकली होती. जरा जोर लावल्यावर उघडली आणि दमट कापडाचा वास आला. २०१७ साली फोटोग्राफीची शेवटची ऑर्डर पूर्ण केली, अल्बम पोचवला आणि आईच्या आजारपणासाठी कॅमेरा ठेवून दिला. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, असं तेव्हा वाटलं होतं. त्याला आता आठ वर्षं झाली.

कॅमेरा कॅननचा, फाइव्ह डी मार्क थ्री, २०१२ सालचं मॉडेल. बॅटरी चार्ज करून घातली आणि पडदा उजळला. त्यावर एकच मागणी: तारीख आणि वेळ भरा. वेळ सांभाळणारा आतला छोटा सेल केव्हाच उतरला होता. मी आजची तारीख भरली. भरताना हात थांबला, हे खरं.

(दृश्य: लेन्सवर टॉर्चचा उजेड.)

पन्नास मिलिमीटरची लेन्स उजेडासमोर धरली. काचेच्या आत, कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली आणि लेन्स अंधारात पडून असली, की काचेवरच्या धुळीवर ती वाढते. वेळीच काढली नाही तर काचेचा लेपच खाते. थोडी बुरशी फोटोत दिसत नाही. उजेडासमोर फोटो काढला की मात्र सगळं फिकट, धुरकट येतं. ही लेन्स मी लगेच बाकीच्यांपासून वेगळी केली आणि कारागिराकडे दिली.

फ्लॅशमध्ये सेल तसेच राहिले होते. ते गळून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पत्रे पुसले, वाळवले, नवे सेल घातले. इतकी वर्षं पडून राहिलेला फ्लॅश एकदम पूर्ण ताकदीने उडवू नये. आतल्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, हळूहळू जागं करावं लागतं. तो नुसताच चालू ठेवला, मग सर्वांत कमी ताकदीवर, थांबत थांबत उडवला. पांढरा लख्ख उजेड भिंतीवर पडला तेव्हा मी एकटीच खोलीत होते आणि मोठ्याने हसले.

(दृश्य: जुना आणि नवा कॅमेरा, समोरून, लेन्स काढलेले.)

मधल्या काळात नव्या कॅमेऱ्यांतून आरसा गेला. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर (चित्र टिपणारी चकती) यांच्यामध्ये आरशासाठी चव्वेचाळीस मिलिमीटरची जागा लागायची. २०१८ साली कॅननचा आरएफ माउंट, म्हणजे लेन्स जोडायची नवी कडी, आला आणि हे अंतर वीसवर आलं. म्हणून जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायला मध्ये चोवीस मिलिमीटरची एक पोकळ नळी पुरते. तिच्यात काच नसते. मी नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, भाड्याने घेतली, लेन्स जुन्याच ठेवल्या. परत सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका.

आरशाच्या कॅमेऱ्यात एक गोष्ट असायची. बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा आणि डोळ्यासमोर अंधार. जो क्षण टिपला, नेमका तोच दिसत नसे. मी वीस वर्षं न दिसलेले क्षण टिपले, अंदाजाने, समोरच्याचा श्वास ओळखून. आता तो क्षण दिसतो. कॅमेरा स्वतःच माणसाचा डोळा शोधतो, फोकस त्यावर धरून ठेवतो. माझा हात मात्र अजून मधल्या बिंदूवर फोकस घेऊन फ्रेम सरकवायला जातो. ही सवय मोडायला फार दिवस लागले. रोज सकाळी तासभर, खिडकीजवळ, घरातल्या माणसांवर. पैसे घेऊन चुका करायच्या नव्हत्या.

(दृश्य: टेबलावर दोन हार्ड डिस्क.)

जुनं काम दोन डिस्कवर होतं. पहिली लावली तर नुसती टकटक, बाकी काही नाही. दुसरीवर तेच सगळं सुखरूप निघालं. ती दुसरी प्रत नसती तर मी हा धंदा पुन्हा सुरू केला असता की नाही, सांगता येत नाही. त्यात एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या रॉ फाइल होत्या, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या. मंद उजेडातल्या, दाणेदार. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडल्या, दाणे काढले आणि गालावरची खळी दिसली, जी त्या वेळी छापलेल्या फोटोत कुठेच नव्हती. एक प्रिंट काढून तिच्या आईला पाठवली. सोबत दरपत्रक वगैरे काही नाही. चौथ्या दिवशी फोन आला.

दर ठरवताना जुनी वही उघडली आणि मिटून ठेवली. नव्याने मांडलं. फोटो काढण्याचा एक दिवस, निवड आणि एडिटिंगचे दोन, सॉफ्टवेअरचं दरमहाचं भाडं, कॅमेऱ्याची झीज, प्रवास. पूर्वी सगळं तोंडी चालायचं. आता किती फोटो, कधी मिळणार, तारीख रद्द झाली तर काय, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. फुकट काम एकही घेतलं नाही. 'पुन्हा सुरुवात आहे, कमी घ्या' असं म्हणणारे भेटले. त्यांना नम्रपणे नाही म्हटलं, कारण कमी दराने आलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही तोच दर धरून बसतं.

(दृश्य: खिडकीचा उजेड. नऊ वर्षांची मुलगी खुर्चीत ताठ बसलेली.)

ती आईसोबत आली. मी चार-पाच फोटो काढले. नव्या कॅमेऱ्याचं शटर आवाजच करत नाही. ती तशीच, श्वास रोखून बसलेली. शेवटी तिने विचारलं, "काकू, काढला का?"

मी मेनूत जाऊन यांत्रिक शटर चालू केलं.

खट्ट.

तिचे खांदे सैल झाले. खळी पडली. मी पुन्हा बटण दाबलं.