बुधवारची संध्याकाळ

(दृश्य : इंदूर, रामबाग. जुन्या घराची बैठक, भिंतीला ठोकलेली रिकामी लाकडी फळी.)

१९८० च्या दशकाच्या मध्यावर आमच्या रामबागेतल्या घरी दर बुधवारी संध्याकाळी दोन खोल्यांमध्ये दोन वेगळी दशके एकाच वेळी चालू असत. बैठकीत टीव्हीवर चित्रहार लागलेला असे आणि शेजारच्या घरांतली मुले दारात चपला काढून सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असत. आत स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या रेडिओवर आजी गीतमाला ऐकत असे. दोन्हीकडे हिंदी चित्रपटांचीच गाणी होती, आणि कधी कधी तर तेच गाणे थोड्या वेळाच्या अंतराने दोन्ही खोल्यांत वाजून जाई. तरीही आजी बाहेर येत नसे आणि आम्ही मुले आत जात नसू. मधल्या दाराचा पडदा ओढून घ्यायचा, एवढीच दोन्ही पक्षांत तडजोड झालेली होती.

एक दशक मागे पडले आणि दुसरे आले, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात नव्या दशकाला जुन्याला घराबाहेर काढणे जमत नाही. ते फार तर त्याला बैठकीतून स्वयंपाकघरात पाठवते, आणि तिथून काही वर्षांनी माळ्यावर. आमच्या रेडिओने हा प्रवास रीतसर केला. त्याच्या मागोमाग जाण्याचे कारण असे की, इंदूरच्या मराठी घरांत वस्तूची जागा बदलली की घरात येणाऱ्या मराठीचे मापही बदलत असे, आणि ही गोष्ट पुण्यामुंबईच्या आठवणींमध्ये सहसा सापडत नाही.

(दृश्य : रेडिओची काच, तिच्यामागे सरकणारा काटा.)

हा रेडिओ घरात आला त्या काळी त्याला परवाना लागत असे. दर वर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तशी नोंद करून घ्यायची, ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. आकाशवाणीचे इंदूर केंद्र मे १९५५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी रामनवमीला, म्हणजे १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले होते. मालवा हाउसमधून, म्हणजे इंदूर केंद्राच्या इमारतीतून, संध्याकाळी नंदाजी आणि भेराजी ही जोडी माळवी बोलीत शेतीवाडीच्या गप्पा मारू लागली आणि घरात हिंदी, मराठी आणि माळवी अशा तीन भाषांची ये-जा सुरू झाली.

चित्रपटगीतांसाठी मात्र काटा फार दूर न्यावा लागे. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. त्यांना चित्रपटसंगीत हलके वाटे आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी आवड बदलली नाही, त्यांनी केंद्र बदलले. रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली, आणि शॉर्टवेव्हच्या लाटेबरोबर आवाज वर-खाली होत असतानाही लोक कोणते गाणे कोणत्या पायदानावर चढले याचा हिशेब वहीत मांडू लागले. आकाशवाणीला विविध भारती सुरू करायला ३ ऑक्टोबर १९५७ हा दिवस उजाडावा लागला, आणि तोपर्यंत बुधवार सिलोनच्या नावावर कायमचा लागून गेला होता. केसकर मराठी होते, याचा आमच्या आजोबांना अभिमान होता. आजी त्यांचे नाव निघाले की उठून जात असे.

मराठी गाणी याहूनही अवघड वाटेने येत. मुंबई केंद्र इंदुरात दिवसा लागत नसे. सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात तयार होणारा एक थर मध्यम लहरी शोषून घेतो; सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर खाली उतरतात. हे शास्त्र घरात कोणालाच माहीत नव्हते, पण रात्रीची जेवणे आटोपली की मुंबई लागते, हे सर्वांना माहीत होते. त्यामुळे रेडिओवरची मराठी ही आमच्यासाठी रात्रीची गोष्ट होती. ती खरखरीतून येई, एखाद्या ओळीच्या मध्यावर बुडून जाई, आणि बुडालेला शब्द कोणता असावा यावर दुसऱ्या दिवशी चर्चा होई. मला यात आणखी एक गंमत वाटते. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला आणि भावगीते गाणारे अरुण दातेही इंदूरचेच. वडील रामूभैया दात्यांच्या बैठकीत वाढलेला तो गळा होता. म्हणजे शहराने आपले आवाज मुंबईला पाठवले आणि ते परत ऐकण्यासाठी अंधार पडण्याची वाट पाहिली.

(दृश्य : गच्चीवरचा गंजलेला अँटेना.)

१९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, दिल्लीत आशियाई खेळ झाले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. इंदूरच्या वाड्यांमध्ये टीव्ही याच लाटेत आला. आमच्याकडे तो आला त्या दिवशी फळीवरचा रेडिओ खाली उतरला. बैठकीतल्या सगळ्या खुर्च्यांनी दिशा बदलली. आधी त्या एकमेकींकडे तोंड करून असत.

या बदलाचे वर्णन बहुतेक ठिकाणी रामायण मालिका आणि रविवारचे ओस पडलेले रस्ते यांनी केले जाते. ते खोटे नाही. २५ जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष आमच्या गल्लीतही रविवारी सकाळी कुत्रेसुद्धा फिरत नव्हते. पण आमच्यासारख्या घरांत झालेला खरा फेरफार वेगळा होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीच्या बोलण्यात त्याच्या मराठी कार्यक्रमांचे संदर्भ मुरलेले होते. ते प्रक्षेपण इंदूरपर्यंत पोहोचतच नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दादरहून मावसभावंडे आली की ‘गजरा’मधले प्रसंग एकमेकांना सांगून हसत, आणि आम्ही यजमान असल्यामुळे हसत असू. महाराष्ट्रात जे लोकप्रिय होऊन जुनेही झाले, ते आमच्याकडे आलेच नाही. रेडिओच्या दशकातून आम्ही थेट दिल्लीच्या हिंदी दशकात उतरलो. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवत. त्यांत तमिळ, बंगाली, आसामी, मल्याळम अशा पाळ्या उलटून कधीतरी मराठीची पाळी येई, आणि तेव्हा खालच्या इंग्रजी ओळींकडे न बघता चित्रपट पाहण्याचा मान आम्हाला मिळे.

रेडिओने एवढ्यावर हार मानली नाही. क्रिकेटच्या दिवशी तो स्वयंपाकघरातून सन्मानाने बाहेर आणला जाई, कारण टीव्हीचा आवाज बंद करून चित्राला रेडिओची कॉमेंट्री जोडण्याची पद्धत आमच्या घरातही होती. हिंदी समालोचक सुशील दोशी इंदूरचे असल्यामुळे हा केवळ सोयीचा प्रश्न राहिला नव्हता. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली. ज्या आवाजासाठी लोकांनी वर्षानुवर्षे खरखर सहन केली, तो आता स्वच्छ ऐकू येत होता. पण तोपर्यंत पुष्कळसे लोक बैठकीत निघून गेले होते. आजी मात्र जागच्या जागी होती.

(दृश्य : कॅसेटची खोकी, आतील कागदावर शाईने लिहिलेली गाण्यांची यादी.)

मराठी पुन्हा घरात आणली ती कॅसेटने. या वस्तूबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिचे श्रेय तिला कोणी देत नाही. रेडिओ आणि टीव्ही दोन्ही वरून येत. काय लावायचे ते दुसरा कोणीतरी ठरवत असे. कॅसेट पिशवीतून येई. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडे बाकरवडीबरोबर दोन कॅसेटींची मागणी आधीच पोहोचलेली असे. भावगीते, अभंग, नाट्यपदे आणि पुलंचे कथाकथन यांची एकेक कॅसेट रामबागेत आली की लोकमान्यनगरापर्यंत फिरून येई आणि वाटेत तिच्या प्रती निघत. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर बाजू एकमध्ये अर्ध्या तासाचेच कथन मावते, त्यामुळे विनोदाचा शेवट नेमका बाजू दोनवर जाई. आमच्या ओळखीतले काहीजण आजही तो विनोद सांगताना मध्ये थांबतात. प्रतीची प्रत काढताना दर वेळी फुसफुस वाढत जाई. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रतीत प्रेक्षकांचे हसू पावसासारखे ऐकू येई.

याच काळात कॅसेट कंपन्यांनी गाण्याची किंमत एवढी खाली आणली की, तबकडी ही ज्यांना कधी परवडली नव्हती, अशा घरांतही स्वतःचा संग्रह तयार झाला. दुकानदाराला यादी दिली की तो कोऱ्या कॅसेटमध्ये निवडक गाणी भरून देत असे. कायद्याच्या दृष्टीने हे चुकीचेच होते, आणि तरीही माझ्या मते कोणत्या दशकातले काय टिकणार याची निवड सर्वांत प्रामाणिकपणे त्या चिठ्ठ्यांवर झाली. आमच्या घरातल्या एका यादीत १९५० च्या दशकातली चार, १९६० ची पाच आणि १९८० चे एक गाणे आहे. ते एक गाणे आत्याच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवले होते, एवढीच त्याची पात्रता.

(दृश्य : बंद गिरणीची भिंत, धुराडे.)

१२ डिसेंबर १९९१ रोजी इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली आणि सुमारे ५,९०० कामगार बेकार झाले. त्यांची थकलेली देणी हाती यायला डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. त्याच १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या भारतीय घरांत उतरू लागल्या होत्या, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, पण इंदुरात त्या एकाच श्वासात आठवतात. ज्या भोंग्यावर अर्धे शहर घड्याळ लावत असे तो थांबला, आणि ज्या टीव्हीला रात्री झोपायची सवय होती तो चोवीस तास जागा राहू लागला.

मराठी वाहिनी म्हणून अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झाली. ती आमच्या केबलवर यावी म्हणून वडिलांनी गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांच्या सह्या घेऊन केबलवाल्याकडे चकरा मारल्या. त्याने ती दिली, पण पट्ट्याच्या अगदी शेवटी, जिथे चित्रावर बर्फ पडत असे. तरी पहिल्यांदाच इंदूर आणि पुणे एकाच रात्री एकच मराठी मालिका बघू लागले. मावसभावंडांना आता आम्हाला काही समजावून सांगावे लागत नव्हते. खरे सांगायचे तर, त्यामुळे सुट्टीतली मजा थोडी कमी झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये खासगी एफएम केंद्रांचे एक मोठे जाळे पुढे ज्या रेडिओ मिर्चीने उभे केले, तिचे पहिले केंद्र इंदुरातच सुरू झाले. रेडिओ परत आला, पण बैठकीत किंवा स्वयंपाकघरात आला नाही. तो रिक्षांत, दुकानांत आणि पुढे खिशातल्या फोनमध्ये गेला. आमचा जुना रेडिओ एफएम पकडत नव्हता. त्याच दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावर चढला.

(दृश्य : अनंत चतुर्दशीची रात्र. जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा.)

हे चित्रीकरण करताना एका गोष्टीने मात्र आमची मांडणी बिघडवली. इंदूरच्या कापड गिरण्यांचे कामगार अनंत चतुर्दशीला विजेच्या रोषणाईच्या, हलत्या पुतळ्यांच्या झांक्या काढत आले आहेत, आणि ही परंपरा शंभर वर्षांच्या आसपास पोहोचली आहे. प्रत्येक दशकाने त्या झांक्यांवर आपली छाप सोडली. पुराणातले प्रसंग होतेच, त्यांच्याशेजारी त्या-त्या वर्षी लोकांच्या तोंडी असलेले विषयही येत गेले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा झांक्याही बंद पडतील असे मानले गेले होते. त्या पडल्या नाहीत. महापालिकेची मदत, वर्गणी आणि निवृत्त कामगारांचे हात यांवर त्या उभ्या राहतात. जे बैठकीत झाले ते रस्त्यावर झाले नाही. इथे जुन्या दशकाला कोणी आत पाठवले नाही, त्याच्या पायाखालची गिरणीच तेवढी काढून घेतली.

रात्री दीडच्या सुमारास राजवाड्यासमोर आखाड्यातली मुले लाठी फिरवत पुढे गेली आणि त्यांच्या मागून ट्रॅक्टरला जोडलेली एक लांबलचक झांकी वळणावर दिसू लागली. बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका मुलाने फोन वर धरला. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना समोरचे नीट दिसत नव्हते. त्यांनी सुनेला विचारले, “कोणाची आली गं?”

सुनेने पाटी वाचली आणि म्हणाली, “हुकुमचंद मिलची, आई.”