चौथ्या आठवड्यातला डोळा

(इंदूरमध्ये रामबागेतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगांत काळा चष्मा लावलेली चार-पाच मंडळी दिसताहेत. त्यांचं मोतियाचं, म्हणजे मोतीबिंदूचं, ऑपरेशन नुकतंच झालेलं असणार. त्यानंतर कधीकधी डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येते. आजचं बोलणं तिच्याबद्दल, म्हणून आधी त्यांच्यासाठी.

माझी मावशी इथेच लोकमान्य नगरात राहते. बारा वर्षांपासून शुगर आहे. उजव्या डोळ्याच्या मोतियाचं ऑपरेशन सुरेख झालं आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अगं, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापडसुद्धा मोजता येतात!" दहा दिवसांत डोळ्याची लाली गेली, तशी तिने ड्रॉप्सची बाटली कपाटात ठेवून दिली. चौथ्या आठवड्यात पोथीतली ओळ मध्येच वाकडी दिसू लागली. चष्म्याचा नंबर अजून बसायचाय, असं समजून ती आणखी तीन आठवडे थांबली. मला तिने सांगितलं तेव्हा मोठी अक्षरंसुद्धा पुसट झाली होती. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हतं. या सुजेची हीच तर पंचाईत आहे. ती काही बोलतच नाही.

ऑपरेशन होतं डोळ्याच्या पुढच्या भागात आणि सूज येते मागच्या पडद्याला, हे कसं? अख्खा डोळा पुढून मागे जेमतेम २४ मिलिमीटर. मोतीबिंदू फोडून काढताना आतल्या नाजूक ऊतींना थोडा धक्का बसतोच. त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची दाह वाढवणारी द्रव्यं तयार होतात आणि ती मागे पडद्यापर्यंत पोहोचतात. तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे पाझरू लागतात. पाझरलेलं पाणी साठतं पडद्याच्या मधोमध, पीतबिंदूत, म्हणजे आपण ज्या जागेने वाचतो, सुईत दोरा ओवतो, नातवाचा चेहरा ओळखतो, नेमकं तिथे. हाताच्या शिरेत रंगद्रव्य टोचून पडद्याचा फोटो काढला, की ते पाणी फुलाच्या पाकळ्यांसारखं दिसतं. आयर्विन नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी १९५३ साली हा आजार वर्णिला, गॅस आणि नॉर्टन यांनी १९६६ मध्ये तो अशा फोटोंतून उलगडला. आता ओसीटी या स्कॅनमध्ये कुठेही काही न टोचता दोन मिनिटांत कळतं.

घाबरून जाऊ नका. आजच्या पद्धतीत नजर कमी करणारी सूज शंभरात एक-दोघांनाच येते. पण शुगरने पडदा आधीच खराब झालेला असेल, पूर्वी डोळ्याच्या आत दाह होऊन गेला असेल, पडद्याची शीर बंद पडली असेल किंवा ऑपरेशनच्या वेळी लेन्समागची पिशवी फाटली असेल, तर धोका बराच वाढतो. म्हणून तारीख घेण्याआधी हे सगळं डॉक्टरांना सांगा. काचबिंदूचे काही ड्रॉप्सही या यादीत येतात. ते स्वतःहून बंद मात्र करू नका, बाटलीच सोबत न्या आणि दाखवा. शुगर असेल तर पडदा आधी तपासून घ्या. तिथे सूज निघाली, तर उपचार आधी तिच्यावर. "मोतिया पिकू द्या" हा जुना सल्ला इथेच नडतो. पिकलेल्या मोतियातून डॉक्टरला मागचा पडदा दिसतच नाही.

आता ड्रॉप्स. साधारणपणे दोन जातींचे देतात, एक स्टेरॉइडचे आणि दुसरे नेपाफेनॅक, ब्रोम्फेनॅक किंवा केटोरोलॅकसारखे, जे प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. युरोपात मधुमेह नसलेल्या ९०० हून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं स्टेरॉइड दिलेल्यांत १२ आठवड्यांच्या आत ५.१ टक्क्यांना ही सूज आली, नुसतं ब्रोम्फेनॅक दिलेल्यांत ३.६ टक्क्यांना, आणि दोन्ही दिलेल्यांत १.५ टक्क्यांना. तुमच्या डोळ्याला काय, किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो, दुसऱ्या जातीने कोरड्या डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊ शकते. शेजारणीची उरलेली बाटली वापरायची नाही, ती एवढ्यासाठी.

टाकण्याची रीतही बघून ठेवा. हात धुवा, खालची पापणी खाली ओढा आणि एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आणि एक काम रोज सकाळी करा. स्वयंपाकघरात उभं राहून आधी एक डोळा झाका, मग दुसरा, आणि खिडकीच्या गजांकडे बघा. गज वाकडे दिसले किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच दिवशी फोन करा. पहिल्या आठवड्यात सगळे काळजी घेतात. सूज बहुधा चौथ्या ते बाराव्या आठवड्यात येते, जेव्हा घरचेही विचारायचे थांबलेले असतात.

मावशीची सूज ड्रॉप्सनी उतरली, तीन महिने लागले. काहींना डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. एका डोळ्याला सूज येऊन गेली की दुसऱ्यालाही धोका जास्त, म्हणून डाव्या डोळ्याच्या वेळी ओसीटी आधी झाला आणि ड्रॉप्सही ऑपरेशनआधीच सुरू केले. चौथ्या आठवड्यात रोज सकाळी मीच फोन करून विचारायचे, "मावशी, गज सरळ आहेत ना?"