जागलीवरच्या पेशी थकतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. तूर-हरभरा शेतात उभा असताना रोही आणि रानडुकरांच्या धास्तीने आपल्याकडचे शेतकरी रात्ररात्र जागलीला जातात. चार-आठ रात्री निभतात. पण कळप रोजच येऊ लागला, की मचाणावर माणूस असतो, हातात काठीही असते, आरोळीत मात्र जोर उरत नाही. जुनाट विषाणूसंसर्गात आपल्या टी पेशींचे, म्हणजे विषाणूने बाधलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचे, नेमके हेच होते.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ शरीर बहुधा काही आठवड्यांत हटवते. कावीळ ब, जिला आपण पांढरी कावीळ म्हणतो, ती रक्तातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होते. धडधाकट प्रौढांना तिची लागण झाली, तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत ती कायमची राहते. तान्ह्या बाळांत मात्र सुमारे नव्वदांत, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून कोवळी असते.

अशा संसर्गात लढणाऱ्या पेशी मरून जातात, असे पूर्वी मानले जाई. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ रफी अहमद यांच्या गटाने 1998 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की त्यांतल्या कित्येक पेशी जिवंत असतात, विषाणूला ओळखतातही, पण मारण्याचे काम करत नाहीत. 2006 मध्ये त्याच गटाला कारणही सापडले: या पेशींवर पीडी-1 नावाचा प्रथिनाचा ब्रेक सतत दाबलेला असतो. तो ब्रेक अडवताच पेशी पुन्हा कामाला लागल्या. पीडी-1चा शोध जपानच्या तासुकू होंजो यांच्या गटाने 1992 मध्ये लावला होता. कर्करोगावरील उपचारांना त्यातून वाट मिळाली आणि होंजो यांना 2018 चे नोबेल पारितोषिक लाभले.

या अवस्थेला केवळ थकवा म्हणणे मला अपुरे वाटते. कावीळ ब चा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. त्याला शोधणाऱ्या आपल्याच टी पेशी बाधित पेशींचा नाश करतात. त्या वर्षानुवर्षे त्याच जोमाने लढत राहिल्या, तर यकृतच उरणार नाही. म्हणजे हा ब्रेक शरीराने स्वतःला वाचवण्यासाठीच लावलेला असतो, आणि विषाणूला मात्र त्याच्या आडोशाने राहता येते.

मग ब्रेक काढून टाकावा, तर तेही सोपे नाही. दीर्घकाळ थकलेल्या पेशींतील जनुकांची मांडणीच बदललेली असते, त्यामुळे आलेला जोम फार टिकत नाही. शिवाय यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणू आपल्या जनुकांची एक चिवट प्रत ठेवून देतो.

म्हणूनच जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला दिली जाणारी कावीळ ब ची लस इतकी मोलाची आहे. विषाणूने यकृतात बस्तान बसवण्याआधीच ती संरक्षण उभे करू लागते. ज्यांना आजार आधीच जडला आहे, त्यांच्यातला विषाणू रोजच्या गोळ्यांनी दबून राहतो. पण बरे वाटते म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका: केंद्रकातली ती प्रत तिथेच असते, आणि गोळी थांबली की तिच्यातून नवे विषाणू पुन्हा तयार होऊ लागतात.