हातात घड्याळ, नजर कामावर

सकाळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी लागते. मच्छे, पिरनवाडी, खानापूरकडून आलेली माणसं गेटातून आत शिरतात. फौंड्री आणि मशीन शॉप ही बेळगावची जुनी ओळख. या गर्दीत एक जण स्वतः मशीन चालवत नाही. हातात स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन तो बघत उभा राहतो. हा इंडस्ट्रियल इंजिनिअर. माणूस, मशीन, माल आणि जागा यांचा मेळ बसवणं हे त्याचं काम.

हे लेथ बघा, धातूचा नग फिरवून कापणारं मशीन. एक जॉब, म्हणजे घडवायचा नग, संपला, सेटिंग बदलायचंय. ऑपरेटर नवे जॉ, म्हणजे नग पकडणारे जबडे, आणायला टूलरूमला गेला. तिथं आधीच दोघं थांबलेत. परत आला तर इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, नाही, पुन्हा फेरी. तोवर मशीन बंद. इंजिनिअर प्रत्येक फेरी शॉपच्या नकाशावर रेघेनं मांडतो. पाळी सुटेपर्यंत कागदावर कोळ्याचं जाळं झालेलं असतं! उपाय साधा: आधीचा जॉब चालू असतानाच पुढची टूलं, जॉ, ड्रॉइंग ट्रॉलीवर लावून ठेवायची. टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला चार तास लागत. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ते काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं, त्याची सुरुवात मशीन चालू असताना करायची आणि बंद असताना करायची कामं अशी वेगळी काढण्यातून झाली.

घड्याळ दिसलं की कामगार बिचकतो. "साहेब, टार्गेट वाढवणार काय?" ही भीती खोटी नाही. म्हणूनच हिशेब उघड हवा. समजा एका जॉबला ४० सेकंद लागले. ऑपरेटर सराईत, त्याचा वेग साधारण कामगाराच्या ११० टक्के धरला, तर साधारण कामगाराला ४४ सेकंद. त्यावर थकवा, पाणी पिणं, घाम पुसणं यांसाठी १५ टक्के सूट. झाले जवळपास ५१. भट्टीजवळच्या माणसाला सूट याहून जास्त द्यावीच लागते. ती कागदावर कापणं हा सरळ अन्याय आहे.

आता फौंड्रीत या. मोल्डिंगवाले साचे भराभर काढताहेत, ओतकामही वेळेत. पण फेटलिंगपाशी, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करतात तिथं, कास्टिंगचा ढीग लागलाय. ग्राइंडर दोनच. इथं मोल्डिंग आणखी पळवलं तर फक्त ढीग वाढेल, गाडीत एक नगही जास्त चढणार नाही. इंजिनिअर ढिगाचे नग मोजतो, ग्राइंडिंगचा वेळ लिहितो आणि तो कागद घेऊन मालकांच्या केबिनकडे निघतो. त्याची मागणी एकच आहे, तिसरा ग्राइंडर.